हेलिकॉप्टर आणि लाल विजार

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ‘हेलिकॉप्टर’ म्हणालं आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

यात माझा दोष फारसा नव्हता. आमचं ऑफिस हाँगकाँग बेटावर शेउंग वानला, बंदराच्या अंगाला. खाली मकावला जाणाऱ्या बोटींचा धक्का आणि त्या धक्क्याच्याच डोक्यावर हेलिपॅड. बोटीला मकाव गाठायला तासभर लागतो, हेलिकॉप्टरला पंधरा मिनिटं. ज्यांना मकावच्या कसिनोत पैसे हरायची फारच घाई असते ते हेलिकॉप्टरने जातात, असा आमच्याकडचा विनोद होता. ते उडालं की काच किंचित थरथरायची, फोनवर बोलणारा माणूस दोन सेकंद थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. ‘मांस नको’, ‘तिखट चालेल’, ‘पुढच्या थांब्यावर उतरायचंय’ एवढीच माझी कँटोनीजची पुंजी. त्यात हा एक शब्द मात्र पक्का बसला होता, तो या रोजच्या थरथरीमुळे: चिक्-सिंग-केइ. हेलिकॉप्टर.

तर मी बाहेर बघितलं. बाहेर मार्चमधलं धुकं होतं, समोरचं कौलूनसुद्धा दिसत नव्हतं, हेलिकॉप्टर कुठून दिसणार? मान वळवली तर टेबलावरचे सगळे हसत होते. एकीने घाईघाईने नूडल्सच्या वाडग्यात तोंड घातलं. मीही हसले. परक्या भाषेत राहणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. आधी हसायचं, अर्थ नंतर शोधायचा.

अर्थ पँट्रीत मिळाला. हाँगकाँगच्या जुन्या वळणाच्या ऑफिसांत चहापाणी बघणारी एक बाई असते. तिला सगळे चे-चे म्हणतात, म्हणजे ताई. (हा ‘च’ आपल्या चमच्यातला, चिमणीतला नव्हे. कँटोनीजमध्ये हा दंततालव्य ‘च’ जागोजाग भेटतो आणि तिथे मराठी माणसाची जीभ इतरांपेक्षा बरी चालते, हे मी अभिमानाने नोंदवून ठेवते.) आमच्या चे-चे साठीच्या पुढच्या. इंग्रजी माझ्या कँटोनीजइतकंच. डबा धुता धुता मी त्यांना विचारलं, की आज टेबलावर हेलिकॉप्टरचं काय चाललं होतं?

त्यांनी हात पुसले. डावा तळवा ओट्यावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, “क्लार्क.” मग तो चार बोटं वर उचलला. “सीनियर क्लार्क.” आणखी चार बोटं. “ऑफिसर.” असं करत करत त्यांचा हात कपबशांच्या फळीपर्यंत पोचला, तेव्हा कुठे असिस्टंट मॅनेजर झाला. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, ओट्यावर टेकवली, आणि ‘फुर्रर्र’ असा आवाज काढत एका दमात फळीच्याही वर, थेट एक्झॉस्ट फॅनपर्यंत नेली.

“यू,” त्या म्हणाल्या. “मिस, यू.”

महिनाभरापूर्वीच मला बढती मिळाली होती. दीड वर्षातली दुसरी.

कँटोनीजमध्ये झपाट्याने वर चढलेल्या माणसाबद्दल म्हणतात, ‘त्सो चिक्-सिंग-केइ’. हेलिकॉप्टरमध्ये बसला. नोकरदारांच्या गप्पांत ते असतं, आणि टीव्हीवरची कालची कोण कुठली मुलगी आज नायिका झाली की सिनेमाच्या बातम्यांतही असतं. चीनच्या मुख्य भूमीवर म्हणे रॉकेट जास्त चालतं. तिथे भराभर पदं मिळवणारा अधिकारी रॉकेटमध्ये बसतो. पण हाँगकाँगचं खरं वाहन हेलिकॉप्टरच. आणि त्याला कारण आहे.

चिनी भाषेत हेलिकॉप्टरला स्वतःचं नाव आहे. चिक् म्हणजे सरळ, सिंग म्हणजे वर जाणं, केइ म्हणजे यंत्र. सरळ-वर-जाणारं-यंत्र. आता यातला ‘सिंग’ हाच बढतीतला शब्द आहे. पद वाढलं की ‘सिंग चिक्’ झालं म्हणतात. यातला चिक् वेगळा. त्याचं अक्षर वेगळं, अर्थ ‘पद’, आणि सूर उंच. हेलिकॉप्टरमधल्या चिक्चा सूर खालचा. म्हणजे ‘चिक् सिंग’ म्हणजे सरळ वर जाणं आणि ‘सिंग चिक्’ म्हणजे बढती! शब्द उलटा केला, सूर थोडा हलवला की यंत्राचं प्रमोशन होतं. असा विनोद कुणाला रचावा लागत नाही, तो भाषेत आयता पडलेला असतो, फक्त उचलायचा असतो.

मराठीत हे होणं शक्य नव्हतं. आपण हेलिकॉप्टर इंग्रजीतून उचललं ते तसंच वापरलं. त्यातून कसला अर्थ फुटत नाही, फक्त धूळ उडते. आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हटलं की पूरपाहणी, नाहीतर निवडणुकीची सभा, नाहीतर गावात हेलिकॉप्टरने आलेला नवरदेव आणि त्याच्या मागे शेतातून धावणारी पोरं. वर जाण्यापेक्षा वरून कुणीतरी उतरण्याशीच त्याचा संबंध जास्त. मोठं माणूस आभाळातून येतं, दहा मिनिटं बोलतं आणि परत जातं. राजकारणात आपण वरून लादलेल्या उमेदवाराला ‘पॅराशूट उमेदवार’ म्हणतो, तेही उतरणंच.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डोक्यात हेलिकॉप्टर नव्हतं, ‘बसणं’ होतं. पायऱ्या चढतात, डोंगर चढतात, पण हेलिकॉप्टरमध्ये नुसतं बसतात. चालवणारा दुसराच असतो, इंधन दुसऱ्याचं, आपण खिडकीशी बसून ढग बघायचे. म्हणजे यांना म्हणायचंय की मी काही केलंच नाही? मला कुणीतरी उचलून ठेवलं? बघता बघता या एका क्रियापदावर मी मनातल्या मनात अख्खा खटला उभा केला. आरोपी मी, वकील मी, न्यायाधीशही मीच.

दुसऱ्या दिवशी तो चे-चेंपुढे मांडला. त्यांना आधी कळेनाच की माझं म्हणणं काय. मग त्या म्हणाल्या, “मिस, तू ऑफिसला कशी येतेस? बसमध्ये ‘बसून’. मी मेट्रोत ‘बसून’ येते. रोज उभी असते, तरी ‘बसून’च येते.” कँटोनीजमध्ये वाहनाने जायचं तर ‘त्सो’ म्हणतात, गाडी, बोट, विमान सगळीकडे. त्यात कसला टोमणा नव्हता. टोमणा मराठीत ऐकू आला होता, माझ्या कानात.

असं का झालं असावं, याचा मी नंतर बराच विचार केला. एखादा भराभर वर गेला तर मराठीत आपण काय म्हणतो, ते आठवून बघितलं. एक यादी जाहीर आहे. गरुडझेप, गगनभरारी, यशाची घोडदौड. हे शब्द फ्लेक्सवर असतात, सत्काराच्या शालीबरोबर येतात, दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतात. घरात कुणी कुणाला ‘तुझी गगनभरारी कशी चाललीये’ असं विचारत नाही. दुसरी यादी जिन्यात बोलायची. वशिला लागला. वर्णी लागली. लॉटरी लागली. नशीब फळफळलं. साहेबाच्या मर्जीतला आहे. साहेबांनी डोक्यावर बसवून घेतलंय. पहिल्या यादीत माणूस स्वतःच्या पंखांनी उडतो आणि दुसऱ्या यादीत त्याला सगळं ‘लागतं’, आंब्याला पाड लागावा तसं. मधला शब्द मला सापडला नाही. नुसतं ‘लवकर वर गेला’ एवढंच सांगणारा, कौतुकही न करणारा आणि संशयही न घेणारा. हेलिकॉप्टर तसं आहे. ते फक्त एवढंच म्हणतं की मधले मजले लागले नाहीत. हेवा घालायचा तर घाला, कौतुक घालायचं तर घाला, भांडं रिकामं आहे.

गंमत म्हणजे पोथीतला पक्षी त्यांच्याकडेही आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ‘च्वांग-त्झु’ या ग्रंथाची सुरुवातच एका अवाढव्य पक्ष्याने होते. उत्तरेच्या समुद्रातला प्रचंड मासा पक्षी होतो, त्याचं नाव पेंग, आणि तो वावटळीवर स्वार होऊन नव्वद हजार ‘ली’ (अंतराचं चिनी माप) उंच जातो. ‘वावटळीबरोबर सरळ वर’ हा चार अक्षरी वाक्प्रचार त्यातूनच आला आणि आजही बढती मिळालेल्यांसाठी वापरतात. पुढे बौद्ध धर्माबरोबर आपला गरुड चीनमध्ये पोचला, तिथे तो ‘सोनेरी पंखांचा पक्षी’ झाला, आणि लोकांनी कालांतराने त्याची आणि पेंगची सांगड घालून टाकली. म्हणजे आपली गरुडझेप आणि त्यांची पेंगझेप कुठेतरी एकाच फांदीवर येऊन बसल्या आहेत. आणि त्यांच्याकडेही लिहायला पक्षी, बोलायला हेलिकॉप्टर.

झटपट वर जाण्याचं स्वप्नही तिथे जुनंच. सोंग राजवटीच्या काळातल्या मुलांच्या पाठांतराच्या कवितेत एक ओळ आहे. सकाळी शेतकऱ्याचा पोर, संध्याकाळी सम्राटाच्या दरबारात. मधे असायची ती राजपरीक्षा, जी १९०५ साली बंद होईपर्यंत तेराशे वर्षं चालली. त्या ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’च्या मधे तालुक्याची, प्रांताची, राजधानीची परीक्षा आणि कित्येकांची अख्खी हयात जायची, हे कवितेत येत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत ही ओळ भिंतीवर लावली तर ती चिनी आहे हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

बढतीची बातमी मी घरी फोनवर सांगितली तेव्हाचं आठवतं. आई म्हणाली, “कुणाला सांगत सुटू नकोस, दृष्ट लागते.” मग फोन बाबांकडे गेला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “परत? इतक्यात?” आणि लगेच, “लेखी ऑर्डर निघाली का?”

बाबा छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत होते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची, संध्याकाळी परतीची. त्या छत्तीस वर्षांत त्यांना दोन बढत्या मिळाल्या, आणि एकदा बढतीऐवजी नुसती वरची वेतनश्रेणी. सरकारी नोकरीत ज्यांना जागेअभावी वर जाता येत नाही त्यांच्यासाठी कालबद्ध पदोन्नती असायची. बारा वर्षं एकाच पदावर काढली की वरच्या पदाचा पगार. पुढे तिचं नाव झालं ‘सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना’. मला हे नाव फार आवडतं. आश्वासित प्रगती! प्रगती होईल, पण बस वेळेवर येईल तशी. तुम्ही थांब्यावर उभे राहा. आमच्या घरात सेवाज्येष्ठता यादी हा शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकला असेन. यादी लागली की बाबा बोट ठेवून आपलं नाव शोधायचे आणि मग त्याच्या वरची नावं मोजायचे. वरचा कुणी निवृत्त झाला तर घरात ते आनंदानं सांगायचं नसे, पण आई त्या दिवशी शिरा करायची.

दुसरी बढती आली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मोठ्या खोक्यातले पेढे आठवतात. त्याच जूनमध्ये मला मराठी बालवाडीतून काढून इंग्रजी शाळेत घातलं.

हाँगकाँगमध्ये नोकरीतून काढून टाकण्याला ‘स्क्विड परतणं’ म्हणतात. स्क्विड म्हणजे आपल्याकडचं माकूल. तव्यावर टाकलं की त्याची चकती कडेने वळत वळत गुंडाळी होते. जुन्या काळी कामगार मालकाच्याच जागेत राहायचे, अंथरूण स्वतःचं असायचं, आणि काढलं की ते गुंडाळून चालू पडायचे. गुंडाळलेलं अंथरूण आणि वळलेलं माकूल. मी हे ऐकलं आणि चे-चेंना म्हटलं, आमच्याकडे नारळ देतात. त्या म्हणाल्या, खायला? मी म्हटलं, नाही, हातात. मग मला ‘गाशा गुंडाळणं’ आठवलं. गाशा म्हणजे खोगिरावरचं कापड. म्हणजे तिथेही गुंडाळी, इथेही गुंडाळी. फक्त त्यांचा कामगार पायी जातो आणि आपला घोड्यावरून. आणखी मजा म्हणजे माणूस स्वतःहून नोकरी सोडतो तेव्हा तो ‘साहेबाचं स्क्विड परततो’. हे मराठीत हवं होतं. साहेबाला नारळ दिला!

माझ्या साहेबांनी हेच केलं. ज्यांनी मला दीड वर्षात दोनदा वर नेलं, ते सात महिन्यांत आपल्या साहेबाचं स्क्विड परतून सिंगापूरला निघून गेले. म्हणजे पायलट उतरला. हेलिकॉप्टर मात्र हवेतच होतं.

इथे मला क्लेम्सच्या बाईंबद्दल सांगायला हवं. आमचा धंदा सागरी विम्याचा. जहाजावरच्या मालाचं काही बरंवाईट झालं की दावे आमच्याकडे येतात. ते दावे बघणाऱ्या बाई त्या ऑफिसात माझ्या आधी एकोणीस वर्षं होत्या. टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. त्यांच्याबद्दल लोक दुसराच वाक्प्रचार वापरायचे: ‘हुंग फू-ची छ्युत सान’. लाल विजारीतून आलेली. ऑपेराच्या मंडळ्यांत लहानपणापासून शिकणारी पोरं लाल विजारी घालायची. पहाटे उठून कोलांट्या, गुरूच्या छड्या, झाडलोट, मग कधीतरी पडद्यामागे भाला धरून उभं राहणं, आणि असं करत करत एखादा रंगमंचाच्या मधोमध यायचा. म्हणून जो कुणी अगदी तळापासून हुन्नर शिकत वर आला, मग तो आचारी असो, पोलीस असो की सिनेमातला, तो लाल विजारीतला. जॅकी चॅन सात वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला हाँगकाँगच्या एका पेकिंग ऑपेरा शाळेत दहा वर्षांच्या करारावर सोपवलं होतं. तिथून निघून तो बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी उड्या मारत राहिला. लाल विजार म्हणतात ती ही.

आपल्या मुंबईहून गेलेल्यांतही एक लाल विजारवाला आहे. बंदर ओलांडायला सगळे ज्या स्टार फेरीत बसतात, तिची सुरुवात दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशाने १८८८ साली कौलून फेरी कंपनी म्हणून केली. दोराबजी तिथे स्वयंपाकाच्या कामातून वर आलेला माणूस. १८९८ मध्ये तिचं स्टार फेरी झालं. अजूनही तिच्या प्रत्येक बोटीच्या नावात ‘स्टार’ असतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बोटीच्या लाकडी बाकावर उगाचच जरा ऐसपैस बसले होते.

तर साहेब गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी एका कंटेनर जहाजाला वाटेत आग लागली. आग विझली, जहाज बंदराला लागलं, आणि जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. हा फार जुना कायदा आहे. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम जे नुकसान सोसलं, ते ज्याचा माल गेला त्याने एकट्याने सोसायचं नाही. ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. आणि आपल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय जहाजमालक कुणाचाही माल सोडत नाही. ही हमी विमा कंपनी देते. आमच्या एका गिऱ्हाइकाचे खेळण्यांचे दोन कंटेनर त्या जहाजावर होते, नाताळ तोंडावर होता, आणि तो दिवसातून चार वेळा फोन करत होता. मी हमीपत्र बघितलं, सही केली आणि पाठवायला बाईंच्या टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी ते परत माझ्या टेबलावर होतं. वर पिवळी चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने दोन शब्द: विम्याची रक्कम?

मी फाइल उघडली. त्या माणसाने मालाचा विमा खऱ्या किमतीपेक्षा बराच कमी रकमेचा काढला होता. म्हणजे त्याच्या वाट्याचा काहीच भाग आमच्यावर येत होता, उरलेला त्याचा त्याने भरायचा होता; आणि मी मर्यादा न घालता सगळ्याची हमी देऊन बसले होते. ते पत्र गेलं असतं तर गेलंच होतं. उत्तराच्या चिठ्ठीवर काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून उठून त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, की आगीत जळलेला माल या वाटणीत धरत नाहीत, पण आग विझवताना पाण्याने भिजलेला धरतात. जळणं हा अपघात, भिजवणं हा माणसाने घेतलेला निर्णय. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण एखादं भिजलेलं खोकं बघून ते जळताना भिजलं की भिजून वाचलं, हे सर्व्हे रिपोर्टमधल्या कुठल्या ओळीत शोधायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मधले मजले म्हणतात ते हेच असावेत.

मला वर का नेलं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी कामात वाईट नव्हते. तसं म्हणणं खोटा नम्रपणा होईल. पण लंडनबरोबरच्या रात्रीच्या कॉलवर मी बोलायला लागले की पलीकडचे लोक ऐकायचे. क्लेम्सच्या बाई बोलायला लागल्या की ते “सॉरी?” म्हणायचे. माझ्यापेक्षा त्यांना चौपट कळत होतं. एकोणीस वर्षांत त्या “सॉरी?”ला कुणी उत्तर दिलं नव्हतं. माझं इंग्रजी हे माझं सरळ-वर-जाणारं-यंत्र होतं, आणि त्यात मी फार लहानपणी बसले होते. खोक्यातल्या पेढ्यांच्या वर्षी.

हाँगकाँगमध्ये सेंट्रलपासून मिड-लेव्हल्सपर्यंत डोंगरावर जाणारा एक सरकता जिना आहे. एक म्हणजे अनेक तुकड्यांचा. सगळा मिळून आठशे मीटर लांब आणि एकशे पस्तीस मीटर चढ. १९९३ मध्ये सुरू झाला. सकाळी सहा ते दहा तो खाली जातो, ऑफिसला निघालेल्यांसाठी. दहाला दिशा बदलते आणि मग मध्यरात्रीपर्यंत तो वरच जात राहतो. मी वरच्या अंगाला एका खुराड्याएवढ्या घरात राहायचे. ज्या दिवशी उठायला उशीर व्हायचा त्या दिवशी जिना उलटा फिरलेला असायचा, आणि मला शेजारच्या दगडी पायऱ्या उतराव्या लागायच्या. त्या पायऱ्यांवर मला त्या शहराचं दुसरंच पान दिसायचं. हातगाडीवर भाजीची खोकी बांधून जाणाऱ्या आजीबाई, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस, मासळीच्या दुकानातून वाहत आलेलं पाणी. काचेच्या पन्हाळीतून वर सरकणारे लोक त्यांच्याकडे बघत नव्हते आणि तेही वर बघत नव्हते. मी मधेच होते. उतरत होते, पण उशीर झाला म्हणून.

मग चिनी नववर्ष आलं. तिथे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वरच्यांनी खालच्यांना लाल पाकीट द्यायचं असतं, लाइ-सी. आता मी ‘वरची’ होते. बँकेत रांग लावून कोऱ्या शंभराच्या नोटा आणल्या, सोनेरी अक्षरांची पाकिटं आणली आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी पँट्रीत बसून भरायला घेतली. प्रत्येकात एक नोट घातली आणि वर एक डॉलरचं नाणं. चे-चेंनी माझा हात धरला.

“हे काय?”

मी म्हटलं, शुभ असतं, एकशे एक.

त्यांनी पाकीट उलटं करून नाणं ओट्यावर पाडलं. इथे शुभ जोडीचं असतं, एकट्याचं नाही. शिवाय नाणं घातलं तर लोक म्हणतील चिल्लर दिली. आपल्या आहेराच्या पाकिटावरच्या त्या एक रुपयाची महती मी त्यांना समजावायला गेले, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. सगळी नाणी काढली. त्यांनी ती मोजून मला परत दिली.

सुट्टी संपल्यावर मी टेबलाटेबलाने फिरले. दोन्ही हातांनी पाकीट द्यायचं, समोरच्याने दोन्ही हातांनी घ्यायचं, उघडायचं नाही. घेणारा काहीतरी शुभ बोलतो. पोरं ‘कुंग हेइ फात चोय’ म्हणून मोकळी झाली. क्लेम्सच्या बाईंच्या टेबलाशी पोचले तेव्हा माझे हात किंचित थंड पडले होते. आईच्या वयाच्या बाईला पाकीट देताना आपल्याकडे आधी वाकतात. इथे वाकावं की नाही, ते मी चे-चेंना विचारायला विसरले होते. अर्धवट वाकले.

त्या उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, “पोऽ पोऽ कोऽ सिंग.”

हे मला कळलं. लाल कागदावर लिहून दारोदार लावलेलं असतं. पायरी पायरीने वर चढत राहा. तोच ‘सिंग’. नववर्षाला सगळे सगळ्यांना देतात तो आशीर्वाद. मी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं.

त्यांनी पाकीट खणात ठेवलं, तिथे आधीची चार-पाच होती. मग खणातूनच एक फाइल काढून माझ्या हातात दिली. खेळण्यांच्या कंटेनरचा सर्व्हे रिपोर्ट आला होता, छप्पन्न पानी, वर पिवळी चिठ्ठी.

“तीनपर्यंत वाच,” त्या म्हणाल्या. “मग मला सांग, कुठलं भिजलंय आणि कुठलं जळलंय.”